पांढऱ्या रेघेचा दगड

"ती बाई आज पुन्हा आलीय बघ," कॉनी म्हणाली. "अजून गाडी सापडलेली दिसत नाही तिला."

मी कॉफी ओतत होते. ओतता ओतता थांबले.

"कुठली बाई?"

"ती काय. पुरुषी कोटातली. गेल्या आठवड्यातही होती. रांगेरांगेनं चालते, थांबते, पायानं खाली काहीतरी चाचपते, पुढं जाते. अगं, एवढ्या पार्किंगमध्ये औषधाला एक गाडी नाही, आणि ही आपली शोधतेय! मला वाटायचं, विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

कॉनी बार्टोलोटा माझी शेजारीण. आम्हा म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या बैठ्या घरांच्या ओळीत तिचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून आहे. रोज दुपारी तीनला ती बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा घेऊन येते, माझ्या खिडकीशी बसते आणि बाहेर जे दिसेल त्यावर बोलते. थापा मारणं तिच्या स्वभावात नाही.

मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले. चौदा वर्षं मी त्या बाईला बघत आले होते, दर मार्चमध्ये, बर्फ वितळून डांबरावरून धुकं उठायला लागलं की. आणि चौदा वर्षं माझी समजूत होती की ती फक्त मलाच दिसते.

तो कोट माझ्या वडिलांचा. ती माझी आई. तिला जाऊन सदतीस वर्षं झाली आहेत.

माझ्या खिडकीतून स्टोनफील्ड कॉमन्स हे दुकानांचं संकुल दिसतं, म्हणजे जेवढं झालं तेवढं. गंजलेल्या लोखंडी खांबांचा सांगाडा, त्यापुढं डांबराचं मैदान, त्यावर गाड्यांसाठी आखलेले पांढरे पट्टे, आणि दिव्यांचे चौदा खांब. त्यातला एक दिवा रोज दुपारी चारला आपोआप लागतो. तो कुणाच्या तारेवर आहे, हे गावात कुणालाही ठाऊक नाही. पहिल्या कंपनीनं 2007 मध्ये काम सुरू केलं आणि पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मजूर हत्यारं गोळा करून गेले. दुसरी कंपनी आली तिनं "या हेमंतात उघडत आहोत" असा फलक लावला, पण कुठल्या वर्षीचा हेमंत ते लिहिलं नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट कधीच होणार नसली की लोक म्हणतात, "हो हो, स्टोनफील्ड उघडलं की!" गावातली मुलं गाडी चालवायला तिथंच शिकली. माझ्या नातवानं तिथल्या एका खांबाला गाडी ठोकली, त्याचा पोचा अजून आहे.

पुरी झालेली एकच गोष्ट म्हणजे रस्त्याकडेची नावाची भिंत. शेतातल्या जुन्या गडग्याचे दगड काढून ती बांधली आणि त्यावर पितळी अक्षरं बसवली. ते शेत आमचं होतं. त्या दगडांतले पुष्कळसे मी माझ्या हातानं उचललेले आहेत.

आमच्याकडची जमीन दर वसंतात दगड देते. हिवाळ्यात माती गोठते, फुगते आणि खालचा दगड बोटभर वर ढकलते. कितीही वेचा, पुढल्या एप्रिलमध्ये तेवढेच पुन्हा हजर. नांगरणीच्या आधी घरातल्या सगळ्यांनी दगड वेचायचे, फळ्यांच्या घसरगाडीवर टाकायचे आणि घोड्यानं ओढत नेऊन बांधावरच्या गडग्यावर रचायचे. ज्यानं सगळ्यांत जास्त वेचले त्याला मेपलच्या पाकाची पहिली वडी. दर वर्षी ती माझा थोरला भाऊ वेंडेल खायचा, तीसुद्धा माझ्यासमोर, चवीचवीनं.

1949 च्या वसंतात मी आठ वर्षांची होते, आणि त्या वर्षी वडी सोडायची नाही असं मी ठरवलं होतं.

त्याआधी अडीच वर्षं, नोव्हेंबरमध्ये, आईला मुलगा झाला होता. तो चार दिवस जगला. सरोवराकडून आलेल्या बर्फानं रस्ता अकरा दिवस बंद होता. ना डॉक्टर येऊ शकला, ना पाद्री. वडिलांनी सफरचंदांच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली आणि शेताच्या कडेला नासपतीच्या झाडाखाली त्याला पुरलं. जागा आईनं सांगितली होती. स्वयंपाकघरातल्या मोरीवर उभं राहिलं की खिडकीतून दिसेल अशी. ओढ्यातला एक निळसर दगड आणून वडिलांनी तिथं उभा रोवला. त्यावर अक्षर नव्हतं. फक्त आडवी गेलेली पांढरी रेघ होती, दुधाची धार सांडल्यासारखी. मी पाच वर्षांची होते आणि मावशीकडे अडकले होते. परत आले तेव्हा बाळ नव्हतं, आणि कुणी काही सांगितलंही नाही. आई मात्र मोरीवर बराच वेळ उभी असायची. धुतलेलीच कपबशी पुन्हा धुवायची.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये झाडांवर बर्फाची काच चढली आणि नासपतीचं झाड मुळासकट उलथलं. वडिलांनी ते ओढून नेऊन सरपणाला फोडलं आणि खड्डा बुजवला. आणि त्याच थंडीनं तो दगडही जमिनीतून उपटून आडवा टाकला असणार. कारण मला तो मिळाला तेव्हा शेतातल्या कुठल्याही दगडासारखाच पडलेला होता. इतका सुरेख दगड मी आधी पाहिला नव्हता. दोन्ही हातांनी कवटाळून मी तो घसरगाडीपर्यंत आणला.

त्या दिवशी मी त्रेचाळीस दगड वेचले. वडी मला मिळाली.

संध्याकाळी आई वडिलांचा कोट अंगावर घालून शेताकडे गेली. वाफसा धरलेल्या जमिनीतून धुकं उठत होतं. ती थोडं चालली, थांबली, पायानं माती चाचपली, परत फिरली. पुन्हा चालली. मी दारात उभी होते, तोंडात वडीची चव होती. ती परत आली तेव्हा तिनं मला विचारलं, "आर्डी, झाड इथंच होतं ना गं, गोठ्याच्या रेषेत? की आणखी पलीकडे?"

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक, आई."

तो दगड कशाचा होता, ते मला तेव्हा उमगलं. दुसऱ्या दिवशी गडग्यावर चढून मी तो शोधून काढला. पण तो कुठून उचलला होता, हे मला सांगता येईना. नांगर फिरून गेला होता, वडिलांनाही जागा नक्की सांगता येत नव्हती. चुकीच्या जागी ठेवावा, तर आई आयुष्यभर चुकीच्या जागेकडे बघत राहील. म्हणून तिथंच ठेवला. शाळेत जाताना रोज त्याला हात लावायची.

आई त्यानंतर दर वसंतात शेतात चालायची. तिनं कुणाला दोष दिला नाही. स्वतःलाच दिला. मरण्याआधी दवाखान्यात ती मला म्हणाली, "पोटचं पोर कुठं ठेवलं ते विसरले मी, आर्डी. कसली आई ही?" तेव्हाही मी बोलले नाही. तिची उशी नीट केली.

यानंतरचं सांगायला जास्त जड जातं, कारण तेव्हा मी आठ वर्षांची नव्हते.

आमच्या राज्यात कायद्यानं प्रत्येक गावाला एक इतिहासकार असतो. बिनपगारी. एक किल्ली आणि एक लोखंडी कपाट मिळतं. ते काम मी बावीस वर्षं केलं. आई गेल्यानंतर चार वर्षांनी सरकारी दप्तरातून एक जुना फोटो माझ्याकडे आला. 1938 साली विमानातून आमच्या सगळ्या टापूचे फोटो काढले होते, त्यातला आमच्या शेताचा. घर, गोठा, विहीर. आणि शेताच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका. नासपती. मी भिंग लावून तो पाहिला, फोटो कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली.

2006 मध्ये वेंडेलनं जमीन विकायला काढली. त्याची कंबर गेली होती, मूलबाळ नव्हतं. कंपनीनं नियमाप्रमाणे गावाच्या इतिहासकाराकडून पत्र मागितलं. मी लिहिलं: "या जमिनीवर दफनभूमी असल्याची कोणतीही नोंद उपलब्ध नाही." खाली सही केली, आर्डिथ टटल.

नोंद नव्हतीच. पाद्री आला नव्हता, मग नोंद कोण करणार?

आता तिसरी कंपनी आली होती. तिचे नकाशे वाचनालयात लोकांना बघण्यासाठी लावले होते आणि मंगळवारी नगरभवनात सुनावणी होती. कॉनीनं त्या बाईचं बोलून दाखवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो विमानातला फोटो घेऊन वाचनालयात गेले. विहिरीवरचं काँक्रीटचं झाकण अजून पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. त्यावरून मोजलं. आधीच्या कंपनीनं त्या कडेला भराव टाकून नुसतं डांबर ओतलं होतं, खणलं नव्हतं. नवी कंपनी तिथं पावसाचं पाणी साठवायला तळं खणणार होती. नऊ फूट खोल. मोहरीएवढा ठिपका त्या तळ्याच्या बरोबर मध्यावर येत होता.

घरी येऊन वेंडेलला फोन केला. तो आता सत्याऐंशी वर्षांचा, शुश्रूषागृहात असतो, आणि ऐकायला आलं नाही तर समोरच्यालाच मोठ्यानं बोलायला बजावतो.

मी सगळं सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता.

"दोन हजार सहा साली का नाही बोललीस?"

"तुझी कंबर गेली होती, वेंडेल. व्यवहार मोडला असता."

"माझ्या कंबरेवर ढकलू नकोस! माझी कंबर बिचारी गप्प होती. बोलायचं होतं तुझ्या तोंडानं."

"हो."

टीव्ही बंद झाला.

"घोडा माझ्याकडे होता, आर्डी," तो म्हणाला. "तू त्या दगडाकडे बघत उभी होतीस. मीच ओरडलो, घे तो, मोठा आहे, मोजणीत धरतो. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. एवढं सगळं आठवतं मला, पण हे नव्हतं.

"आईनं मलाही विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. मी म्हटलं, वडिलांना विचार. मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत आहे." मग तो खाकरला. "मंगळवारी जाणार आहेस ना? नीट मोठ्यानं बोल. तू नेहमी पुटपुटतेस."

नगरभवनात त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. सगळ्यांनी उभं राहून झेंड्याकडे बघत देशनिष्ठेची शपथ म्हटली, मग खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष डेनिस हॅलोरन. ती लहान असताना मी वाचनालयात कामाला होते, आणि पुस्तकं उशिरा आणल्याबद्दल तिला रागावलेली आहे. बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात. टेबलावर एक छोटं घड्याळ असतं, वेळ संपली की लाल दिवा लागतो.

माझ्या आधीचे सगळे बोलले ते लवकर बांधा म्हणून. सतरा वर्षं सांगाडा बघून डोळे दुखले, दुधासाठी नऊ मैल जावं लागतं, गावाचं हसू झालंय. सगळं खरं होतं.

"माझं नाव आर्डिथ टटल, माहेरची क्रँडल," मी म्हणाले. माइक माझ्या हनुवटीच्या खाली होता, तरी मी मोठ्यानं बोलले. "2006 साली इतिहासकार म्हणून मी या मंडळाला एक पत्र दिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि ते पत्र खोटं होतं. त्या जमिनीत माझा भाऊ आहे. त्याच्यावरचा दगड मी हलवला."

मी फोटो दाखवला. विहीर, घर, ठिपका. दगड वेचायचं सांगितलं. तिथल्या अर्ध्या लोकांना दगड वेचणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ती माणसं रॉचेस्टर शहरात कामाला जातात आणि त्यांच्या अंगणात वर आलेला दगड माळी घेऊन जातो. आई दर वसंतात वडिलांचा कोट घालून कशी रांगेरांगेनं चालायची, पायानं माती कशी चाचपायची, तेही सांगितलं. एवढ्यात लाल दिवा लागला.

"मिसेस टटल, वेळ झाली," डेनिस म्हणाली. तिला अवघड वाटत होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "सतरा वर्षं वाट बघितली आम्ही! आता भुतं कशाला आणताय?"

"ए, गप्प बस रे!" कॉनी उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझं नाव कॉन्सेटा बार्टोलोटा. यादीत अठरावं. माझी तीन मिनिटं हिला द्या."

"मला जास्त नकोत," मी म्हणाले. "तळं खणायच्या आधी बघा. एवढंच."

मंडळानं मतदान पुढं ढकललं. नव्वद दिवस. बाहेर पडताना तिघाचौघांनी माझ्याकडे बघणं टाळलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कॉनी गाडी चालवत होती. एरवी ती प्रत्येक लाल दिव्यावर बोलते. घराशी आल्यावर तिनं इंजिन बंद केलं.

"कोट तपकिरी होता?"

"हो."

"डाव्या कोपराला ठिगळ?"

"हो, कॉनी."

तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग किल्ल्या पर्समध्ये टाकत म्हणाली, "उद्या तीनला येतेच. बिस्किटं संपलीत, केक आणते."

मे महिन्यात विद्यापीठातून जोआना नावाची एक तरुण बाई दोन मदतनिसांना घेऊन आली. यंत्रानं डांबर सोललं, भराव काढला, आणि मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवून हातानं करण्या चालवल्या. मला खुर्ची दिली होती. तिसऱ्या दिवशी जोआनानं मला हाक मारली. पिवळट मातीत हातभर लांबीचा एक गडद चौकोन होता, आणि त्याच्या कडेनं गंजलेले बारीक खिळे. चौदा. सफरचंदाच्या खोक्याचे. मध्ये एक दुपट्याची पिन, मिटलेली.

"एवढ्या लहान बाळाचं बाकी काही या मातीत उरत नाही," जोआना हळू आवाजात म्हणाली. "आणखी खणू का?"

"नको," मी म्हणाले. "ती पिनही तिथंच राहू दे."

त्याला चर्चच्या दफनभूमीत आईशेजारी न्यावं असं पाद्रीबाईंचं म्हणणं होतं. वेंडेल फोनवर ओरडला, "तिला तो खिडकीतून दिसायला हवा होता! तुझ्या खिडकीतून दिसतो का?" मी म्हटलं, दिसतो. "मग झालं तर."

कंपनीनं तळं चाळीस फूट सरकवलं. त्यासाठी नकाशे पुन्हा मंजुरीला गेले आणि अजून परत आलेले नाहीत. त्यामुळे स्टोनफील्ड अजून उघडलेलं नाही, आणि यावेळी लोकांनी कुणाचं नाव घ्यावं हे मला ठाऊक आहे. किराणा दुकानात कुणी माझ्याकडे पाठ फिरवली तर मी ती फिरवू देते.

दगड कुठं आहे हे मला शोधावं लागलं नाही. नावाच्या भिंतीत, पितळी अक्षरांच्या खाली, उजवीकडून तिसरा. भिंत बांधली त्या आठवड्यातच मी तो पाहिला होता, आणि पुढची सतरा वर्षं गाडी त्या भिंतीपाशी आली की मान दुसरीकडे वळवत होते. गवंड्यानं छिन्नीनं तो अलगद सोडवला. भिंतीत भोक राहिलं आहे. जुन्या जागेवर, नव्या मातीत, आम्ही तो उभा रोवला. वेंडेलला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. दगड आधी त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं अंगठ्यानं पांढरी रेघ पुसली आणि म्हणाला, "मोठा कसला, लहानच आहे की गं हा."

बाळाचं नाव मर्ल होतं. हे मी सुनावणीत सांगायचं विसरले, म्हणून इथं लिहिते.

या वर्षीचा मार्च आला. बर्फ वितळलं. डांबरावरून धुकं उठलं. कॉनी तीनला आली, डबा उघडला, खिडकीशी बसली. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा तसाच गेला. मी कॉफी ओतायची, आणि कप टेबलावर ठेवताना तिच्या खांद्यावरून बाहेर बघायची. पांढरे पट्टे, खांब, चारला लागलेला तो एक दिवा.

"नाही आली गं यंदा," शेवटी कॉनी म्हणाली. "सापडली वाटतं गाडी."

"हो. सापडली असावी."

तिला बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. ती गेल्यावर मी मोरीवर उभी राहिले. धुकं विरत होतं, आणि पट्ट्यांच्या पलीकडे तो निळा दगड एकटाच दिसत होता. त्याच्याकडे येणारं कुणी नव्हतं. मी नळ सोडला आणि धुऊन ठेवलेली कपबशी पुन्हा धुवायला घेतली.